तोलेरांसिया (चालवून घेणं) नको, तारीख द्या: पोर्तुगालच्या संसदेला एक खुलं पत्र

साऊं बेंतूच्या पॅलेसमध्ये बसणाऱ्या 230 खासदार मंडळींना लिस्बनमधल्या एका किचनमधून नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय कारण मला पोर्तुगीजमध्ये भांडता येत नाही. त्या भाषेत मी ऑर्डर वाचतो, घरभाडं भरतो आणि सॉरी म्हणतो, एवढंच. भाचीला सांगून भाषांतर करून तुमच्या ईमेलवर टाकणार आहे, पण आधी आपल्या माणसांनी वाचावं म्हणून इथे. मी गोव्यातल्या डिचोलीचा. आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा, म्हणजे गोवा तुमच्याकडे असतानाचा, त्यामुळे तुमचा पासपोर्ट मिळाला, म्हणजे मी तुमचा मतदार पण आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

विषय सुट्टीचा आहे. तुमच्या भाषेत फेरियादु.

आमच्या किचनमध्ये फ्रीजच्या दारावर एक कागद असायचा. ड्युटी शीट नव्हे, ते मॅनेजर लावतो, हा आमचा आमचा. त्यावर लिहिलेलं असायचं की ईदला बांगलादेशी भाऊच्या जागी मी, दशैंला (त्यांच्या दसऱ्याला) नेपाळी पोरांच्या जागी केप व्हर्देवाला, कार्निव्हलच्या मंगळवारी ब्राझीलवालीच्या जागी नेपाळी, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माझ्या जागी बांगलादेशी भाऊ. कोणी कोणाला धर्म विचारला नाही, पुरावा मागितला नाही, फक्त पेन होतं आणि मॅग्नेट होता. दोन वर्षं मस्त चाललं. मग गेल्या वर्षी मालकाला कोणीतरी सांगितलं की अशी अदलाबदल कायद्यात बसत नाही, तास मोजताना घोळ होतो, आणि कागद गेला. चवथीच्या दिवशी मी सकाळी दहापासून कांदा चिरत होतो आणि खिशातल्या फोनवर घरचे माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) दाखवत होते, सुपाऱ्या, तोरिंगण, नारळांचा घड, आणि आई विचारत होती की तू आरतीला तरी लाईन चालू ठेवशील ना. नाही ठेवता आली, लंच टाईम होता.

मालक वाईट माणूस नाही हो. त्याने मला खरंच सांगितलं की अरे, कायद्यात काय असेल ते देतो, मेहेरबानी मागू नको. तेव्हा मी म्हटलं चला, कायद्यात काय आहे ते बघू, आणि मग बघत गेलो तर कळलं की तुमचा अख्खा देशच मेहेरबानीवर चालतोय.

कामगार कायद्यात 13 सुट्ट्या सक्तीच्या आहेत. 1 जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टर (तो रविवारीच येतो, ती सुट्टी कशाला मोजता देव जाणे), 25 एप्रिल, 1 मे, कोर्पु द देउश (एक कॅथलिक सण), 10 जून, 15 ऑगस्ट, 5 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर, 1 डिसेंबर, 8 डिसेंबर आणि नाताळ. नाताळ हा शब्द आम्ही तुमच्याकडूनच घेतलाय, आणि पाव पण. त्यानंतरच्या कलमात दोन ऐच्छिक सुट्ट्या आहेत, एक गावची म्हणजे नगरपालिकेची आणि दुसरी कार्निव्हलचा मंगळवार. सुट्टी शनिवार-रविवारी आली तर बुडाली, बदली सोमवार मिळत नाही. गुरुवारी आली तर लोक शुक्रवारची रजा टाकून पोंत करतात, पोंत म्हणजे पूल, हा शब्द मला फार आवडतो, आपल्याकडे सगळे हेच करतात पण इतका छान शब्द नाही.

आता कार्निव्हलची गंमत बघा. अख्खा देश तो मंगळवार सुट्टी समजतो, शाळा बंद, टोरेश व्हेद्राशला रस्त्यावर नाच, आमच्या पणजीत सुद्धा किंग मोमो अजून निघतो तो तुमच्यामुळेच. पण कायद्यात तो सक्तीचा नाही. बऱ्याच कंपन्या करारात देतात, आणि सरकारी नोकरांसाठी दरवर्षी सरकार वेगळा आदेश काढतं, त्याचं नाव तोलेरांसिया द पोंतू. साध्या मराठीत, आज हजेरी लावली नाही तरी आम्ही चालवून घेऊ. चालवून घेऊ! म्हणजे शेकडो वर्षं चालत आलेला सण, आणि त्याला दरवर्षी नव्याने चालवून घ्यायचं. आणि जे चालवून घेतलं जातं ते एखाद्या वर्षी चालवून घेतलं जात नाही. 1993 साली पंतप्रधान काव्हाकु सिल्व्हांनी नाही म्हटलं, लोक अजून ते विसरले नाहीत. 2012 ला पासुश कोएल्यूंनी नाही म्हटलं, 21 फेब्रुवारीला म्हणे कामावर या, आणि कितीतरी नगरपालिकांनी आपापल्या माणसांना तरीही सुट्टी दिली. तेव्हा मी इथे नव्हतो, पण आमची वयस्कर कॅशियर बाई ही गोष्ट अजून हसत हसत सांगते की त्या दिवशी ऑफिसात लोक होते पण काम नव्हतं.

2012 हे वर्ष तुम्हाला परत परत आठवून देणं भाग आहे. त्याच्या आदल्या वर्षी 78 अब्ज युरोचं कर्ज घेतलं, त्रोइका, म्हणजे कर्ज देणारे युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि आयएमएफ हे तिघे, आली, आणि देशाने जास्त काम करायला हवं म्हणून सरकारने चार सुट्ट्या कापायच्या ठरवल्या. इथे मला राजकारण शिकायला मिळालं. धार्मिक सुट्ट्यांचा करार व्हॅटिकनशी आहे, 2004 चं कॉन्कोर्दाता, त्यामुळे सरकारला आधी रोमला विचारावं लागलं. चर्च म्हणालं दोन आमच्या जाणार असतील तर दोन तुमच्याही जायला पाहिजेत. मग कोर्पु द देउश आणि 1 नोव्हेंबर या देवाच्या दोन गेल्या, 5 ऑक्टोबर (प्रजासत्ताक दिन) आणि 1 डिसेंबर (स्पेनपासून सुटका झाल्याचा दिवस) या देशाच्या दोन गेल्या. चर्चला पाच वर्षांपुरतीच बंद अशी मुदत तरी लिहून मिळाली. देवाच्या सुट्टीला वकील होता, देशाच्या सुट्टीला कोणीच नव्हतं.

आणि त्या 5 ऑक्टोबर 2012 ला, कापणीच्या आधीच्या शेवटच्या प्रजासत्ताक दिनाला, लिस्बनच्या नगरपालिकेवर राष्ट्राध्यक्षांनी झेंडा चढवला तो उलटा चढला. राष्ट्राध्यक्ष कोण, तर तेच काव्हाकु सिल्व्हा, 1993 वाले. मी याच्यावर काही बोलत नाही. व्हिडिओ बघा.

आता हिशोब करू, कारण कापताना कारण हिशोबाचंच दिलं होतं. सुट्ट्या 2013, 2014 आणि 2015 अशी तीन वर्षं बंद होत्या. चार त्रिक बारा. मी एका रविवारी रात्री कॅलेंडर घेऊन बसलो. कोर्पु द देउश नेहमी गुरुवारी येतो, म्हणजे तीन गेले. 1 नोव्हेंबर 2013 ला शुक्रवार होता, पुढच्या दोन वर्षी शनिवार आणि रविवार. 5 ऑक्टोबर आधी शनिवार, मग रविवार, शेवटी 2015 ला सोमवार. 1 डिसेंबर आधी रविवार, मग सोमवार आणि मंगळवार. म्हणजे बारापैकी पाच सुट्ट्या तशाही शनिवार-रविवारी बुडणारच होत्या, आणि हातात आले सात दिवस. तीन वर्षांत सात दिवस! त्यासाठी पोपच्या दारात जाऊन आलात, प्रजासत्ताकाचा वाढदिवस पुसलात, आणि मेलेल्या माणसांना फुलं न्यायचा दिवस पण काढून घेतलात.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण 1 नोव्हेंबर मला इथे आल्यावर कळला. खरं म्हणजे मृतांचा दिवस 2 तारखेला, पण 2 ला सुट्टी नाही म्हणून लोक 1 ला स्मशानात जातात, शेवंतीची फुलं घेऊन, बादली आणि ब्रश घेऊन, थडगी घासून पुसून साफ करतात आणि मग तिथेच उभं राहून शेजाऱ्यांशी गप्पा मारतात. मला आमचा पितृपक्षच आठवतो, फक्त कावळ्याची वाट बघायची नसते. सकाळी पोरं पिशव्या घेऊन दारोदार फिरतात, पांव पुर देउश, देवाच्या नावाने पाव द्या. आणि लिस्बनला तर या तारखेचं वेगळंच काही आहे, 1755 चा भूकंप याच दिवशी सकाळी आला, लोक चर्चमध्ये होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या, आणि जे पडायचं राहिलं होतं ते आगीत जळालं. असल्या तारखेला 2013 ला लोकांनी ऑफिसला जाऊन एक्सेल शीट भरली.

आणि 5 ऑक्टोबर. ही तुम्हाला तुमची सुट्टी वाटत असेल. आमच्या घरात ती आमची पण आहे. 1910 ला राजा गेला आणि रिपब्लिक आली, तेव्हा गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचा हक्क मिळाला, सरकारी नोकरीची दारं उघडली, शाळा-वाचनालयं उभी राहिली. पणजोबांच्या पिढीने हे बघितलंय, आजोबा ते ऐकून मोठे झाले, आणि हुकूमशहा सालाझारला शिव्या घालणारा हा माणूस रिपब्लिकबद्दल मात्र एक शब्द वावगा बोलायचा नाही. गंमत म्हणजे त्या रिपब्लिकने आल्या आल्या आठवडाभरात धार्मिक सुट्ट्या रद्द केल्या, नाताळला कुटुंबाचा दिवस असं नाव दिलं, आणि त्याच हुकमाने प्रत्येक नगरपालिकेला स्वतःची एक सुट्टी निवडायची मुभा दिली. चर्चवर इतका राग असलेल्या लोकांनी दिलेली ती मुभा, आणि आज लिस्बनची गावची सुट्टी कुठली, तर 13 जून, सांतु आंतोनियु! पोर्तूची 24 जून, साऊं जुआऊं. लोकांना आपली सुट्टी आपण निवडायला दिली की ती काय निवडतात ते दिसलं ना.

सांतु आंतोनियुच्या आदल्या रात्री आमचं किचन रस्त्यावर येतं, सार्डिनचा धूर, प्रत्येक खिडकीत मांजेरीकु म्हणजे बारीक पानाच्या सब्जाची कुंडी, त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता, आणि त्याला नाक लावायचं नाही, हात फिरवून हाताचा वास घ्यायचा. पहिल्या वर्षी मी सरळ नाक घातलं तर एक आजी ओरडली. पोर्तूचा साऊं जुआऊं मी बघितलेला नाही, पण आमच्या गोव्यात त्याच दिवशी जावई डोक्याला वेलींचे मुकुट बांधून विहिरीत उड्या मारतात, आणि तुमच्याकडे म्हणे एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारतात. सण तोच.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की तुमच्या सुट्ट्यांवर माझा काही राग नाही. उलट त्यातल्या बऱ्याच माझ्या आहेत. 25 एप्रिल 1974 ला तुमची हुकूमशाही पडली म्हणून त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही दिल्लीत सही करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलंत, तोपर्यंत तुमच्या कागदावर आम्ही पोर्तुगालच होतो. 15 ऑगस्टला तुमची मरियेची सुट्टी आणि आमचा झेंडा, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत त्या दिवशी हळदीच्या पानातल्या पातोळ्या होतात, आमच्या घरात होतात तशाच. 10 जूनला तुम्ही ज्या कवीचा दिवस पाळता तो कामोंइश गोव्यात येऊन राहिला होता. आणि त्या चार सुट्ट्या 2016 मध्ये परत आणल्या त्या सरकारचे पंतप्रधान आंतोनियु कोश्ता, वडील मडगावच्या घराण्यातले, घरचं नाव बाबुश. कोकणी माणसाने सुट्टी परत आणली असं आम्ही इथे चहाच्या वेळी म्हणतो, खरं श्रेय अख्ख्या संसदेचं हे माहीत आहे, पण म्हणू द्या.

तर मुद्दा. परत आणल्या हे चांगलं केलंत, पण त्यावेळी कायद्यातली मेहेरबानी तशीच ठेवलीत.

कारण कायदा बघायला बसलो तेव्हा माझ्यासाठीसुद्धा एक कलम सापडलं. 2001 चा धर्मस्वातंत्र्य कायदा, कलम 14. त्यात लिहिलंय की माणूस आपल्या धर्माच्या दिवशी कामावरून सुट्टी मागू शकतो. वाचून मी उडालोच, पण मग खालच्या अटी वाचल्या. तुमचं कामाचं वेळापत्रक लवचिक पाहिजे. तुमचा धर्मसमुदाय सरकारदरबारी नोंदलेला पाहिजे आणि त्याने आदल्या वर्षीच तारखा सरकारला कळवलेल्या पाहिजेत. आणि गेलेले तास सगळे भरून द्यायचे. म्हणजे ऑफिसात बसणाऱ्या, स्वतः वेळ ठरवणाऱ्या माणसाला सुट्टी मिळेल, ज्याला तशीही मिळालीच असती. 2014 ला तुमच्या घटनात्मक न्यायालयाने एका अॅडव्हेंटिस्ट (शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ) कामगाराच्या केसमध्ये सांगितलं की शिफ्टवाल्यांनाही यात धरा, चांगलं झालं, पण मालकाला हे पटवायला मला कोर्टात जावं लागलं तर त्या दिवसाची सुट्टी कोण देणार? आणि माझ्या चवथीची तारीख कोणत्यातरी समितीने सरकारला कळवली की नाही हे मी कुठे बघत बसू. समजा मी देवच मानत नाही आणि मला आईच्या वर्षश्राद्धाला घरी राहायचंय, मग कुठलं कलम?

घटनेच्या 41 व्या कलमात चर्च आणि राज्य वेगळे आहेत असं लिहिलंय. लोकांपैकी सुमारे 80 टक्के स्वतःला कॅथलिक म्हणवतात, 2021 च्या जनगणनेत आलंय, म्हणून कॅलेंडर कॅथलिक आहे, आणि असू दे, माझी तक्रार नाही. दिवाळीला राष्ट्रीय सुट्टी द्या असलं काही मी मागत नाही, ईदला पण नाही. इतकी कॅलेंडरं भांडायला लागली तर फ्रीजवर जागा पुरणार नाही.

माझं मागणं दोन ओळींचं आहे. एक, कार्निव्हलचा मंगळवार ऐच्छिकमधून काढून सक्तीच्या यादीत टाका आणि दरवर्षीचं ते चालवून घेणं बंद करा. दोन, प्रत्येक कामगाराला वर्षात एक दिवस त्याच्या पसंतीचा, पगारी, सुट्टीचा, महिनाभर आधी कळवला की मालकाला नाही म्हणता येणार नाही असा. कारण विचारायचं नाही. धर्म विचारायचा नाही. चवथ असो, दशैं असो, बेनफिका क्लबची फुटबॉल फायनल असो.

अशक्य आहे म्हणू नका. मदैरा बेटावर 26 डिसेंबरची वेगळी सुट्टी आहे, असोरेश बेटांना पेंटेकोस्टचा सोमवार आहे, प्रत्येक गावाला आपला संत आहे. बेटाला स्वतःचा दिवस चालतो, गावाला चालतो, मग माणसाला का नको?

उत्पादकता म्हणाल तर वरचा सात दिवसांचा हिशोब परत वाचा. आणि हॉटेल-दुकानवाले ओरडतील म्हणाल, तर आमच्यासारख्यांचं काय चालतं ते ऐका. सक्तीची सुट्टी म्हणजे आम्ही घरी असतो असं तुम्हाला वाटतं का? 25 डिसेंबर सोडला तर बहुतेक सगळ्या दिवशी आम्ही कामावर असतो, कारण तुम्ही सुट्टीला बाहेर जेवता. त्याच्या बदल्यात कायदा देतो केलेल्या तासांच्या अर्धे तास आराम किंवा 50 टक्के जादा पैसे, आणि दोन्हीपैकी काय ते मालक ठरवणार. आधी 100 टक्के होते, ते पण 2012 लाच अर्धे केलेत. त्याच वर्षी 1 मे ला, कामगार दिनाला, एका मोठ्या सुपरमार्केटने शंभर युरोच्या वर खरेदीला अर्धी किंमत लावली होती आणि लोक ट्रॉल्यांवरून मारामारीला आले होते, आणि बिलिंगच्या काउंटरला कोण होतं, तर कामगार. हे 100 टक्के परत द्या असं तिसरं मागणं लिहिणार होतो पण भाची म्हणाली मामा, दोनच ठेव, तीन बघितले की ते समितीकडे पाठवतात.

मालकाशी मी बोललोय. तो म्हणाला कायद्यात आलं तर मी स्वतः फ्रीजवर कागद लावीन, उलट मला बरं, कोण कधी नाही हे महिनाभर आधी कळेल, आत्ता तुम्ही सगळे ऐनवेळी आजारी पडता. खरं आहे ते. दशैंच्या दिवशी दोन पोरांना एकदम ताप आला होता.

घाई नाही. पुढची चवथ 14 सप्टेंबर 2026, सोमवार, आणि सोमवारी आमचं रेस्टॉरंट बंदच असतं, तेव्हा तो एक सण माझा मी सांभाळतो, तोरिंगण इथे मिळत नाही पण लिंबं बांधीन. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र 4 तारखेला शनिवार आहे, दोन्ही टाईम फुल्ल बुकिंग. तोपर्यंत तुमचं एक अख्खं अधिवेशन होऊन जाईल.

आपला,
डिचोलीचा एक आचारी, मुक्काम लिस्बन